लाल चतुर दिसला की 'सर्व्हिलिया' म्हणून मोकळं व्हायचं का?

ओढाकाठ

लाल चतुराचा फोटो आला की खाली पहिला प्रतिसाद ठरलेला असतो: क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. तो बऱ्याचदा बरोबरही निघतो, कारण पश्चिम आशियापासून थेट पूर्व आशियापर्यंत साचलेल्या पाण्यावर हाच लाल चतुर सगळ्यात जास्त भेटतो. पण त्याच पाण्यावर आणखी पाच-सहा जातींचे लाल नर असतात आणि तेही निमूटपणे सर्व्हिलियाच्या नावावर जमा होतात.

माझं मत असं की पोटाच्या पाठीवर मधोमध जाणारी बारीक काळी रेघ दिसली तरच सर्व्हिलिया म्हणावं. ती नसेल तर 'लाल चतुर, नर' एवढंच लिहून थांबावं. पटतंय का?

सोबत तीन फोटो देतो आहे.

फोटो १: वरून काढलेला. गर्द लाल, पंख पारदर्शक, मागच्या पंखांच्या बुडाशी केशरी डाग. काळी रेघ पोटाच्या शेवटच्या खंडांवर (पोट अशा दहा जोडलेल्या भागांचं असतं) नीट दिसते, पुढे पुसट होत जाते.

फोटो २: बाजूने. पिवळा, पाठीवर काळी रेघ स्पष्ट. मादी असावी.

फोटो ३: समोरून, जरा तिरका. भर दुपारचा. सगळं पोट लालभडक, रेघ दिसत नाही. पोट वर उभारून बसलेला.

काजवा

छान विषय. रेघेची अट मात्र जरा जास्तच कडक वाटते. रेघ दिसली तर उत्तम, पण 'दिसत नाही' आणि 'नाहीच' यांत फरक आहे.

नर वयाने पिकला की लाल इतका गडद होतो की पोटाच्या पुढच्या भागातली रेघ जवळजवळ बुडून जाते. साधारणपणे ती ८व्या आणि ९व्या खंडावर टिकते, तिथे ती थोडी रुंदही असते. म्हणून फोटो मोठा करून आधी शेवटचे खंड बघायचे. मोजायचं मागून पुढे: टोकाला उपांगं (चिमट्यासारखे बारीक अवयव), त्याआधी छोटासा १०वा खंड, मग ९, मग ८. पुढून मोजायला गेलं तर १ला खंड छातीखाली इतका दबलेला असतो की हमखास एकाने चूक होते.

रानवाट

काजवा, इथेच एक धोका आहे. फक्त ८ आणि ९ वर काळं दिसलं म्हणून सर्व्हिलिया म्हणून मोकळे झालात तर युरोथेमिस सिग्नाटा हातून सुटेल. त्याच्या नराच्या नेमक्या ८व्या-९व्या खंडावर पाठीला काळे ठिपके असतात, बाकी पोट लाल.

फरक दोन ठिकाणी दिसतो. सर्व्हिलियाचं काळं म्हणजे कण्यावरून ओढलेली रेघ, पुढच्या खंडांवर तिचा माग लागतो. सिग्नाटाचे ठिपके रुंद असतात, प्रत्येक खंडावर वेगळे, आणि त्यांच्या पुढे काहीच नाही. दुसरं म्हणजे मागच्या पंखाचं बूड. सर्व्हिलियाचा तिथला डाग केशरी-पिवळा आणि आरपार दिसणारा असतो. सिग्नाटाचा गडद लालसर तपकिरी, त्याच्या कडेने पिवळी झाक.

ओढाकाठ, फोटो १ मधला बुडाचा डाग आरपार दिसतो की अपारदर्शक आहे? त्यावर सगळं ठरेल.

ओढाकाठ

आरपार दिसतो. डागातून खालच्या गवताच्या पात्याची कड दिसते आहे.

रानवाट

मग फोटो १ सर्व्हिलियाच. पाय पण बघून घ्या, लाल असले पाहिजेत.

मृगसरी

पायांचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते. लाल चतुरांमध्ये सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे पाय.

क्रोकोथेमिस सर्व्हिलिया: पाय लालसर.
ट्रायथेमिस ऑरोरा: पाय काळे.

या दोघांचाच घोटाळा सर्वांत जास्त होतो, म्हणून पाय दिसणारा फोटो असला की अर्धं काम होतं. फक्त प्रकाश मागून असेल तर लाल पायही काळे दिसतात. अशा वेळी पायावरचे काटे शोधायचे. चतुराच्या पायाला दोन्ही बाजूंनी ताठ बारीक काट्यांच्या ओळी असतात. सर्व्हिलियात हे काटे काळे आणि पाय लाल, त्यामुळे फोटो मोठा केल्यावर काटे वेगळे उठून दिसतात. ऑरोरात पाय आणि काटे दोन्ही काळे, सगळं एकच दिसतं. सावलीतल्या फोटोतही ही खूण बहुतेक वेळा साथ देते.

निळीशाई

ऑरोरा ओळखायला पायांपर्यंत जायची गरजच काय? नराचा रंगच वेगळा असतो. सर्व्हिलिया रक्तासारखा लाल आणि ऑरोरा गुलाबी-जांभळा. लांबूनही कळतं.

मृगसरी

पूर्ण वाढलेल्या ऑरोरावर तो जांभळट लेप चढतो, हे खरं. पण तो चढेपर्यंत तरुण नर नुसता लाल असतो. शिवाय मोबाइलचे कॅमेरे लाल रंग स्वतःच्या मर्जीने बदलतात: एकाच चतुराचे दोन फोनवरचे फोटो, एक गुलाबी, एक शेंदरी. फोटोतल्या रंगाच्या छटेवर जातीचं नाव बेतू नये. रचना बघावी: शिरा, पाय, पोटाचा आकार.

टाचणीभर

शिरांना अनुमोदन. ऑरोराच्या नराच्या पंखांतलं शिरांचं जाळंच लाल असतं. उजेड मागून आला की पंख लाल सुताने विणल्यासारखे दिसतात. सर्व्हिलियात पुढच्या कडेची जाड शीर तांबूस-पिवळी असते, आतलं जाळं मात्र गडद. इथेच लोक फसतात: कडेची शीर लाल दिसली की 'शिरा लाल' असं लिहितात. बघायचं ते पंखाच्या मधल्या भागात, नोडच्या मागे. (नोड म्हणजे पुढच्या कडेच्या साधारण मध्यावर खाच पडल्यासारखी जागा असते ती.)

पोटाचा आकारही बघा. ऑरोराचं पोट बुडाशी फुगीर, मग निमुळतं. सर्व्हिलियाचं रुंद आणि चपटं, टोकाकडे हळूहळू अरुंद होणारं. वरून काढलेल्या फोटोत हे लगेच कळतं, बाजूच्या फोटोत फार तर बुडाचा फुगीरपणा कळतो.

पाणवठा

आकारमान कोणी काढलं नाही अजून. मोठा तो सर्व्हिलिया, छोटा तो ऑरोरा, असं नाही का धरता येणार?

रानवाट

नाही. आकडे बघा. सर्व्हिलिया नराचं पोट २४ ते ३५ मिमी, मागचा पंख २७ ते ३८ मिमी. ऑरोरा नराचं पोट २१ ते २९ मिमी, मागचा पंख २४ ते ३४ मिमी. मधला मोठा पट्टा दोघांचा सामायिक आहे. सरासरीने सर्व्हिलिया मोठा, पण समोर बसलेल्या एका चतुराला सरासरी लावता येत नाही. आणि शेजारी मापाला काही नसेल तर २८ आणि ३२ मिमी डोळ्याने कोणालाच ओळखता येत नाहीत.

माप कामाला येतं ते ब्रॅकीथेमिस कंटॅमिनाटा वेगळा काढताना. त्याचं पोट १८ ते २१ मिमी आणि मागचा पंख २० ते २३ मिमी, म्हणजे खरोखरच लहान. पण त्याच्या नराचे पंख बुडापासून टेरोस्टिग्माच्या (पंखाच्या टोकाजवळ कडेला असणारा बारका चौकोन) जरा अलीकडेपर्यंत केशरी असतात, त्यामुळे मापापर्यंत जायची वेळच येत नाही.

काजवा

कंटॅमिनाटाच्या नराबद्दल दुमत नाही. गोंधळ तरुण नराचा होतो, कारण पंखांवरचा केशरी पट्टा अजून पुरता चढलेला नसतो, आणि मादीचा, कारण तिचे पंख जवळजवळ रंगहीन. दोघांत टेरोस्टिग्मा बघा: गंजासारखा केशरी. सर्व्हिलियात तो पिवळट तपकिरी, दोन काळ्या शिरांच्या मध्ये.

वागणूकही सांगते. कंटॅमिनाटा घाण पाण्यावर, गटारांवर, डबक्यांवर घोळक्याने असतो, जमिनीलगत उडतो आणि पटकन खाली बसतो. सर्व्हिलियाचा नर एकटा, ठरलेल्या काडीवर, दुसरा लाल दिसला की अंगावर जाणारा. वागणूक हा पुरावा मात्र नव्हे. ती बघून कुठली खूण तपासायची ते ठरवायचं, एवढंच.

ओढाकाठ

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. माझी रेघेची अट मी अजून सोडलेली नाही :) नोंद करताना एक तरी ठाम खूण हवीच. काजवा म्हणतात तसं 'दिसत नाही' असेल, तर नोंदवायचं कशाच्या जोरावर?

टाचणीभर

रेघ दिसत नसेल तर या तिन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत: पाय लाल, नोडच्या मागचं जाळं गडद, बुडाचा डाग केशरी आणि पारदर्शक. तिन्ही जुळल्या तर रेघेशिवाय सर्व्हिलिया म्हणायला माझी हरकत नाही. दोनच जुळल्या तर जातीचं नाव न देता नुसतं क्रोकोथेमिस लिहून थांबावं.

सरोवर

रेघेबद्दल आणखी एक, नाहीतर पूर्व आशियातले फोटो बघणारे गोंधळतील. जपान-कोरियाकडे जो लाल चतुर दिसतो तो मॅरियाने या नावाने वेगळा काढतात, आणि त्याच्या नराला ही काळी रेघ नसतेच. १९८३ मध्ये त्याचं उपजात म्हणून वर्णन झालं. तिकडे रेघेची अट लावली तर एकाही नराची ओळख पटणार नाही.

पश्चिमेकडे उलटी अडचण. तिथे क्रोकोथेमिस एरिथ्रीया येतो, जो युरोप-आफ्रिकेपासून पश्चिम आशियात पसरलेला आहे. त्याचं पोट आणखी रुंद, चपटं, आणि काळी रेघ नाही किंवा अगदी नावाला. जिथे दोघांचा प्रदेश एकमेकांवर येतो तिथे रेघ हीच कळीची खूण. म्हणजे ओढाकाठ यांची अट काही भागात अत्यावश्यक, काही भागात निरुपयोगी, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात उपयोगाची पण पुरेशी नाही. आधी फोटो कुठला आहे ते विचारावं.

आणि सर्व्हिलिया आता आशियापुरता उरलेला नाही. अमेरिकेत फ्लोरिडात १९७०च्या दशकापासून तो स्थिरावला आहे, हवाईतही आहे. तिथल्या फोटोंवर 'आशियातली जात इथे कशी' म्हणून नोंद खोडू नका.

निळीशाई

फोटो २ कडे कोणी बघितलं का? मादी म्हटलंय, पण मला पोटाच्या बुडाशी खालून काहीतरी फुगीर दिसतंय.

मृगसरी

निळीशाई, अगदी बरोबर. फोटो २ मादी नाही, तरुण नर आहे.

चतुराच्या नराचे दुय्यम जननअवयव २ऱ्या आणि ३ऱ्या खंडाच्या खाली असतात. बाजूच्या फोटोत तिथे छातीच्या लगेच मागे एक स्पष्ट उंचवटा दिसतो. मादीत ती जागा सपाट. ही खूण वयाने आणि रंगाने बदलत नाही, त्यामुळे पिवळ्या चतुराचं लिंग ठरवताना हीच पहिली बघायची.

मग टोक. नराला वर दोन उपांगं आणि त्यांच्या खाली मध्ये एक, अशी तीन. मादीला दोन छोटी. सर्व्हिलियाच्या मादीत आणखी एक खूण आहे: ८व्या खंडाच्या खालून निघणारी पट्टी पन्हाळीसारखी होऊन पोटाला जवळपास काटकोनात खाली येते. बाजूच्या फोटोत शेवटाकडे खाली बारीक काटा निघाल्यासारखी दिसते. ती दिसली की मादी, आणि क्रोकोथेमिस असल्याची शक्यताही बरीच वाढते.

फोटो २ मध्ये बुडाशी उंचवटा आहे, ८व्या खंडाखाली काही नाही. नर.

ओढाकाठ

हे महत्त्वाचं आहे. म्हणजे पिवळ्यावर रेघ स्पष्ट आणि लालवर पुसट, एकाच जातीच्या नरात?

काजवा

हो. ताजा नर सोनेरी पिवळा असतो. पिवळ्यावर काळं उठून दिसतं, गडद लालवर दबतं. काही दिवसांत पिवळा, मग नारिंगी, मग लाल, असा तो पिकत जातो. रेघ तीच, भोवतालचा रंग बदलतो.

रेघेसाठी नोंद करायची असेल तर नारिंगी अवस्थेतला नर सगळ्यात सोयीचा.

सरोवर

या रंगबदलामागचं रसायन फार सुंदर आहे, थोडं विषयांतर करतो.

आधी समज असा होता की पिवळ्याचा लाल होताना नवीन रंगद्रव्य तयार होत असणार. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की तसं नाही. पिवळ्या आणि लाल चतुरात रंगद्रव्यं तीच असतात, ओमोक्रोम गटातली, त्यांतलं एक झँथोमॅटिन. पिकलेल्या नरात ती क्षपण झालेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळालेल्या रूपात असतात आणि त्या रूपात ती लाल दिसतात. तरुण नरात आणि मादीत ऑक्सिडीकृत रूप मोठ्या प्रमाणात, म्हणून पिवळं. पिवळ्या चतुराला क जीवनसत्त्वाचं, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्लाचं इंजेक्शन दिल्यावर तो लाल झाला! या प्रयोगांत क्रोकोथेमिस सर्व्हिलिया होता, आणि सिम्पेट्रम या दुसऱ्या चतुरांच्या दोन जाती होत्या.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा: लाल ही जातीची खूण नाही, पिकलेल्या नराची अवस्था आहे. आणि ती वेगवेगळ्या प्रजातींत स्वतंत्रपणे दिसते, म्हणून लाल चतुर इतके आहेत.

पाणवठा

म्हणूनच मेलेल्या चतुराचा लाल उडतो का? खिडकीत सापडलेले सगळे तपकिरी होऊन जातात.

रानवाट

एक कारण ते, दुसरं कुजणं. पोटातलं अन्न आतून कुजतं आणि सगळं काळपट पडतं. अभ्याससंग्रहात म्हणून अॅसिटोनमध्ये ठेवतात: पंख पाठीवर मिटवून, पोट सरळ करून कागदी पाकिटात घालायचं, पाकिटासकट अॅसिटोनमध्ये साधारण १२ ते २४ तास, मग हवेशीर जागी सुकवायचं. चरबी आणि पाणी निघून जातं, रंग बऱ्यापैकी टिकतो, पण नमुना कडक आणि ठिसूळ होतो. अॅसिटोन झटकन पेट घेतं, वाफही पेटते. ज्योत, शेगडी, स्विच यांच्या जवळ हे करायचं नाही.

खिडकीतल्या तपकिरी चतुराचं नाव रंगावरून काढू नका. शिरा, टेरोस्टिग्मा, पायाचे काटे आणि टोकाची उपांगं सुकल्यावरही तशीच राहतात.

टाचणीभर

सुकलेल्या नमुन्यासाठी आणखी एक खूण: पुढच्या पंखात बुडापासून नोडपर्यंत पुढच्या कडेलगत ज्या आडव्या शिरा असतात, त्यांतली नोडकडची शेवटची बघायची. क्रोकोथेमिस आणि ट्रायथेमिसमध्ये ती सहसा अर्धवट असते: कडेच्या शिरेपासून निघते, मधल्या शिरेपाशी थांबते, पलीकडे जात नाही. ऑर्थेट्रम या आणखी एका गटातल्या चतुरांत ती पूर्ण, पलीकडे जाते.

लाल पोटाचे ऑर्थेट्रम वेगळे काढायला ही उत्तम. ऑर्थेट्रम प्रुइनोसमचं पोट गुलाबी-जांभळं, ऑर्थेट्रम क्रायसिसचं लाल, पण दोघांची छाती गडद तपकिरी. सर्व्हिलियात डोळे, चेहरा, छाती, पोट सगळं लाल. उजेड कमी असेल आणि छाती नक्की लाल की तपकिरी हे कळत नसेल तेव्हा ती शेवटची आडवी शीर तपासा.

निळीशाई

लाल पूर्ण अंग म्हटलंत तर रोडोथेमिस रुफाही आठवा. त्याचा नर पूर्ण लाल असतो आणि पोटावर काळी रेघ नसते. 'रेघ दिसत नाही' म्हणणाऱ्या फोटोंत तो लपलेला असू शकतो.

मादी सोपी. तपकिरी अंग आणि छातीच्या पुढच्या टोकापासून पंखांच्या मधून पोटाच्या ३ऱ्या-४थ्या खंडापर्यंत एकच जाड फिकट पिवळी पट्टी. सर्व्हिलियाच्या मादीला आणि तरुण नरालाही पंखांच्या मध्ये फिकट रेघ असते, पण ती तिथेच संपते आणि पोटावर काळी रेघ सुरू होते.

पाणवठा

आणि ते थव्याने उडणारे पिवळे-तांबडे? त्यांनाही लोक सर्व्हिलियाची मादी म्हणतात.

काजवा

ते पँटाला फ्लॅव्हेसेन्स. मोकळ्या जागेवर तासन्‌तास न बसता उडत राहतात. बसले तरी काडीला उभे लटकतात, पोट खाली. सर्व्हिलिया काडीच्या टोकावर किंवा पात्यावर आडवा बसतो. पँटालाचा मागचा पंख बुडाशी खूप रुंद असतो, आणि पुढच्या पंखाचा टेरोस्टिग्मा मागच्यापेक्षा लांब असतो. लटकलेल्या चतुराच्या फोटोत ही लांबी सहज ताडता येते.

मृगसरी

आता फोटोबद्दल, कारण इथल्या अर्ध्या शंका फोटोमुळे येतात.

लाल चतुर उन्हात काढला की सेन्सरचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरून वाहतो. एकूण प्रकाश ठीक दिसतो, नेहमीचा हिस्टोग्रामही (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल भाग जळून सपाट झालेला असतो. खंडांच्या सीमा, कण्याची रेघ, सगळं पुसलं जातं. ओढाकाठ यांच्या फोटो ३ मध्ये नेमकं हेच झालंय, पोटावर एकही सीमारेषा दिसत नाही. अशा फोटोत रेघ शोधणं व्यर्थ.

उपाय: एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी ठेवा. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम मिळत असेल तर लाल उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. फोनवर चतुरावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा. रंग भडक करणारा मोड बंद. व्हाइट बॅलन्स 'ऊन' वर पक्का ठेवा, म्हणजे निदान सगळ्या फोटोंत चूक एकसारखी राहील. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर जळालेलं थोडंफार परत मिळतं, जेपेगमध्ये नाही.

कोन तीन लागतात. पहिला सरळ वरून, पोट आणि सेन्सर समांतर: रेघ, पोटाचा आकार, बुडाचे डाग. दुसरा काटकोनात बाजूने: पाय, २रा-३रा खंड, टोक. तिसरा पंखांचा, पंख प्रतलात येईल असा: शिरा. समोरून डोळ्यांचा फोटो सुंदर येतो, ओळखीला मात्र तो सगळ्यात कमी उपयोगाचा.

सरोवर

जवळ कसं जायचं तेही लिहितो. चतुर हालचाल पकडतो, विशेषतः आकाशाच्या पार्श्वभूमीवरची. म्हणून खाली वाकून, सरळ रेषेत, हळू. हात बाजूला पसरायचे नाहीत. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, पडली की गेला. उडाला तरी जागचे हलू नका. नर बहुधा त्याच काडीवर परत येतो. तो हवेत असतानाच काडीवर फोकस लावून ठेवा. सकाळी लवकर, अंग गार असताना तो कमी उडतो. दुपारी ऊन डोक्यावर आलं की पोट सूर्याकडे उभं करून बसतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. त्या पवित्र्यात वरून पोट दिसत नाही, बाजूचा आणि पंखांचा फोटो घ्यावा.

रानवाट

पकडण्याबद्दल एकच. परवानगी लागते का ते आधी बघा. पकडलाच तर चारही पंख पाठीवर एकत्र करून अंगठा आणि तर्जनीत धरा. एका पंखाने किंवा पायाने कधीच नाही. आणि पंख काचेसारखे चमकणारे, अंग मऊ असलेला नुकताच बाहेर पडलेला चतुर हातात घेऊच नका. त्याचे पंख कडक व्हायचे असतात, चिमटीत वाकले की वाकलेलेच राहतात.

ताज्या चतुराच्या जवळ पाण्यातल्या काडीवर त्याची सोडलेली कात मिळते, ती गोळा करायला हरकत नाही. भिंगातून बघा: क्रोकोथेमिसच्या कातेच्या पोटावर पाठीला मधले काटे नसतात, ट्रायथेमिसला असतात. कात सापडली म्हणजे तो चतुर तिथेच वाढला, नुसता उडत आलेला नव्हे. उडणाऱ्या चतुराच्या फोटोवरून हे कळत नाही.

ओढाकाठ

फोटो ३ चीच दुसरी फ्रेम सापडली. त्याच बैठकीतली, जरा बाजूने, पंखांच्या मागून ऊन. उजवा पुढचा पंख कापून मोठा करून टाकला आहे. पायही थोडे दिसतात.

टाचणीभर

मोठ्या केलेल्या तुकड्यात नोडच्या मागचं जाळं लाल आहे. नुसती कड नव्हे, आतल्या छोट्या घरांच्या भिंतीसुद्धा. बुडाचा केशरी डागही रुंद आहे. माझ्या मते ट्रायथेमिस ऑरोरा.

काजवा

ऊन मागून आहे, त्यामुळे शिरा लाल भासण्याची शक्यता? पाय काय सांगतात?

मृगसरी

पाय काळे. मागून ऊन असल्याने नुसत्या काळेपणावर मी गेले नसते, पण मधल्या पायावर एका बाजूने उजेड पडलाय, तिथेही काटे वेगळे दिसत नाहीत. पाय आणि काटे एकाच रंगाचे. शिवाय बाजूच्या फ्रेममध्ये पोटाचं बूड फुगलेलं दिसतंय. ऑरोरा नर, अजून जांभळट लेप न चढलेला.

ओढाकाठ

पटलं. फोटो १ सर्व्हिलिया, पिकलेला नर. फोटो २ सर्व्हिलिया, तरुण नर. फोटो ३ ट्रायथेमिस ऑरोरा, नर. तिन्ही नोंदी तशा करतो आणि प्रत्येकीखाली कोणत्या खुणेवरून ओळख ठरली ते लिहितो. रेघेची अट बदलून टाचणीभर यांच्या तीन खुणा घेतो. रेघ दिसली तर ती वरची.

रानवाट

फोटो २ च्या नोंदीत 'पिवळा' असं रंगाच्या रकान्यात नक्की टाका. आणि त्याच पाण्यावर मादी मिळाली तर बाजूचाच फोटो घ्या, ८व्या खंडाखालची पट्टी दिसेल असा. अंडी घालताना ती पोटाचं टोक पाण्यावर टेकवत उडते, तेव्हा नर वर घिरट्या घालत असतो. तिथे शटर १/१००० च्या वर लागेल.